जुळ्यांचे सिझेरियन आणि भुलीची जोखीम

कोकणात सिझेरियनचा विषय निघाला की घरची माणसे सर्वप्रथम कमरेतील इंजेक्शनाबद्दल विचारतात. त्या सुईने कंबर कायमची धरते, अशी समजूत खेडोपाडी खोलवर रुजली आहे. बाळंतपणानंतर दीर्घकाळ राहणाऱ्या कंबरदुखीला मणक्यातील भूल कारणीभूत असल्याचे संशोधनातून दिसलेले नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे आणि नंतर बाळांना उचलताना पडणारा ताण ही त्यामागची अधिक पटणारी कारणे आहेत. पोटात जुळी किंवा तिळी असताना भुलीचा खरा धोका सुईपेक्षा आईच्या शरीरावर आधीच आलेल्या भारातून उद्भवतो, आणि त्याची तयारी शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधी सुरू करावी लागते.

मणक्यातील भुलीची पद्धत जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बिअर यांनी 1898 मध्ये प्रथम यशस्वीपणे वापरली. आज सिझेरियनसाठी बहुधा हीच पद्धत निवडली जाते. बुपिव्हाकेनसारखे औषध जेमतेम दोन मिलिलिटर एवढेच, तेही पाठीच्या कण्यातील द्रवात दिले जाते. काही मिनिटांत छातीपासून खालचा भाग बधिर होतो, आई जागी राहते आणि बाळांपर्यंत औषध जवळजवळ पोहोचत नाही. मात्र वेदना वाहून नेणाऱ्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही सुन्न होत असल्याने वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. त्यातच आई उताणी झोपलेली असली, तर जड झालेली गर्भपिशवी शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देते. दोन बाळे, त्यांची वार आणि गर्भजल यांचे ओझे एकत्र आले की हा दाब आणखी वाढतो. रक्तदाब झपाट्याने उतरल्यास आईला मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दोन्ही बाळांचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणूनच भूलतज्ज्ञ उजव्या कुशीखाली उशी देऊन आईला डावीकडे कलते ठेवतात, भूल देतानाच सलाइन चालू करतात आणि फेनिलएफ्रिनसारखे रक्तदाब वर आणणारे औषध आधीपासून हाताशी ठेवतात. गरोदरपणात मणक्यातील शिरा फुगून द्रवाची जागा आकसते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेतही बधिरपणा अधिक वर चढू शकतो. हाताला मुंग्या येत असतील किंवा श्वास घेणे जड जात असेल, तर आईने संकोच न करता ते तत्काळ सांगावे.

काही वेळा आईला बेशुद्ध करणारी पूर्ण भूल टाळता येत नाही. गर्भारपणातील वाढलेल्या रक्तदाबामुळे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, फार घटल्या असतील, आधीच मोठा रक्तस्राव होत असेल किंवा बाळाची अवस्था अचानक बिघडली असेल, तर तोच मार्ग उरतो. गरोदरपणाच्या अखेरीस श्वास सोडल्यावर फुप्फुसांत उरणारी हवा साधारण पाचव्या भागाने कमी झालेली असते, प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते; पोटातील मोठ्या भारामुळे जुळ्यांच्या आईजवळ ही शिल्लक आणखी तोकडी असते. घशाला सूज असल्याने श्वासनलिकेत नळी घालणेही कठीण जाऊ शकते. उच्च रक्तदाबामुळे झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल, तर स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा परिणाम लांबतो आणि त्यांची मात्रा जपून ठरवावी लागते.

जठरातील आम्लयुक्त अन्नरस फुप्फुसांत उतरण्याचा धोका 1946 मध्ये कर्टिस मेंडेल्सन यांनी बाळंतिणींच्या नोंदींवरून मांडला, तेव्हापासून शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहण्याचा नियम कसोशीने पाळला जातो. हलके अन्न सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडे कळा सुरू झालेल्या बाईला ताकद यावी म्हणून निघताना वाटीभर पेज देतात. त्यामागची माया खरी असली, तरी पेज कितीही पातळ असली तरी ते अन्नच आहे. ती घेतली असल्यास किती वाजता, हे रुग्णालयात न लपवता सांगावे. त्यावरून भुलीचा निर्णय बदलू शकतो.

माझ्या मते सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते रक्तस्रावाकडे. दिवस भरत आले की गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटल्यानंतर पिशवी घट्ट आकुंचन पावली तरच तिथल्या वाहिन्या बंद होतात, पण दोन-तीन बाळांसाठी ताणलेले स्नायू पुष्कळदा लवकर आवळत नाहीत. आकुंचनासाठीचे ऑक्सिटोसिन शेवटचे बाळ बाहेर आल्यानंतरच द्यायचे असते, आणि ते एकदम दिल्यास रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून हळूहळू दिले जाते. पुढची औषधे निवडताना आईचा पूर्वेतिहास महत्त्वाचा ठरतो: रक्तदाब असेल तर मिथाइलअर्गोमेट्रिन टाळतात, दमा असेल तर कार्बोप्रोस्ट टाळतात. ट्रॅनेक्झामिक आम्ल हे रक्तस्राव रोखणारे औषध लवकर, विशेषतः पहिल्या तीन तासांत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. तरीही आधीपासून हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला ऐनवेळी रक्ताची पिशवी लागू शकते, आणि जुळ्यांच्या गरोदरपणात रक्तक्षय अधिक आढळतो.

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे 37 आठवड्यांआधीच जन्मतात. त्यामुळे शस्त्रक्रियागृहात प्रत्येक बाळासाठी स्वतंत्र माणूस आणि स्वतंत्र सामग्री असणे आवश्यक असते. आईची स्थिती सांभाळणाऱ्या भूलतज्ज्ञाला त्याच क्षणी बाळाकडे धावावे लागू नये.

प्रत्येक जुळ्याला सिझेरियन लागतेच असे नाही. पहिल्या बाळाचे डोके खाली असलेल्या 2,800 स्त्रियांच्या 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियोजित सिझेरियनमुळे बाळांना अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. मात्र नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींना शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि सुमारे 4 टक्के जणींमध्ये पहिले बाळ नैसर्गिकरीत्या तर दुसरे सिझेरियनने जन्मले. म्हणजे नैसर्गिक प्रसूती ठरली असली तरी भूलतज्ज्ञ जवळ हवाच.

कोकणात हा ‘जवळ’ फार महत्त्वाचा आहे. मुंबईत नाव नोंदवलेली सून ओटीभरणानंतर राजापूर-देवगडकडील माहेरी येते, तेव्हा तिच्या सोनोग्राफीचे कागद अनेकदा मुंबईतच राहतात. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतात आणि कोल्हापूर किंवा कराडकडे निघालेली गाडी अडकते. दोन्ही बाळांची वार वेगळी असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर प्रसूती साधारण 37 ते 38 आठवड्यांदरम्यान ठरवतात. वार एकच असेल तर त्याही आधी. त्यामुळे माहेरी यायचे ते कागदपत्रांसह आणि एकाच बाळाच्या वेळेपेक्षा लवकर, अन्यथा मुंबईतच थांबलेले बरे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत होणाऱ्या मोफत तपासणीत जोखमीच्या गरोदरपणाची नोंद होते. त्याच वेळी भूलतज्ज्ञ चोवीस तास असतात का, रक्त तिथेच साठवलेले असते का आणि कमी वजनाच्या बाळांसाठी अतिदक्षता विभाग आहे का, हे तीन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. उत्तर नकारार्थी असेल तर रत्नागिरी, डेरवण किंवा घाटापलीकडचे मोठे रुग्णालय आधीच ठरवावे. सरकारी रुग्णालयातील सिझेरियन, रक्त आणि वाहतूक जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून मोफत आहे.

घरी आल्यानंतरची डोकेदुखीही अंगावर काढू नये. बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी बहुधा मणक्यातील द्रव झिरपल्यामुळे होते. बारीक सुईमुळे ती आता क्वचितच होते आणि तिच्यावर उपचारही आहेत. मात्र आडवे झाल्यावरही न थांबणारी, डोळ्यांपुढे चमकण्यासह किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखण्यासह येणारी डोकेदुखी वाढलेल्या रक्तदाबाची असू शकते. जुळ्यांच्या आईला हा विकार अधिक होतो आणि तो प्रसूतीनंतरही उद्भवतो. म्हणून अशा वेळी प्रथम रक्तदाब मोजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.