पाण्याशी न जुळणारे रेणू

पाण्यात तेलाचा थेंब टाकला, तर कितीही ढवळले तरी तो विरघळत नाही. थोड्या वेळाने तेल पुन्हा एकत्र येऊन पृष्ठभागावर तरंगू लागते. शरीरातील मेदाची बहुतेक कामे या साध्या गुणधर्मावर उभी आहेत. मेद म्हटले की आपल्याला वजन, पोटाचा घेर आणि रक्ततपासणीचा अहवाल आठवतो. मेदावर हा मोठाच अन्याय आहे, असे मला वाटते, कारण मेदाविना एकही पेशी अस्तित्वात राहू शकत नाही.

प्रथिने त्यांच्या रासायनिक घडणीवरून ओळखली जातात. मेदद्रव्ये, म्हणजेच लिपिड, ओळखली जातात ती वागणुकीवरून. जे पाण्यात विरघळत नाही पण क्लोरोफॉर्म किंवा ईथरसारख्या द्रावकात विरघळते, ते मेदद्रव्य. त्यामुळे या कुटुंबात एकमेकांसारखे न दिसणारे अनेक रेणू एकत्र नांदतात.

त्यांपैकी पुष्कळांचा मूळ घटक म्हणजे मेदाम्ल: कार्बन अणूंची लांब साखळी आणि तिच्या एका टोकाला आम्लगट. स्टिअरिक आणि ओलिक या दोन्ही मेदाम्लांत १८ कार्बन अणू असतात. फरक एवढाच, की ओलिक आम्लाच्या साखळीत मधोमध एक दुहेरी बंध असतो आणि त्यामुळे दोन हायड्रोजन अणू कमी असतात. या बंधापाशी साखळीला बाक येतो, बाकदार साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत, आणि म्हणून स्टिअरिक आम्ल वितळायला सुमारे ६९ अंश सेल्सिअस तापमान लागत असताना ओलिक आम्ल सुमारे १३ अंशांवरच वितळते. थंड पाण्यात राहणारे अनेक मासे आपल्या पेशींच्या आवरणात अशा बाकदार साखळ्यांचे प्रमाण वाढवतात, ज्यामुळे ते आवरण थंडीतही गोठल्यासारखे ताठर होत नाही.

ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडली की ट्रायग्लिसराइड तयार होते. हा शरीराचा ऊर्जासाठा. एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, तर कर्बोदकांपासून सुमारे ४. शिवाय ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातील कर्बोदकांचा साठा, साठवताना त्याच्या दुपटीहून अधिक वजनाचे पाणीही सोबत वागवावे लागते. मेद जवळजवळ कोरडाच साठतो.

तिसऱ्या मेदाम्लाच्या जागी फॉस्फेटगट आला की मात्र रेणूचा स्वभावच बदलतो. या फॉस्फोलिपिडचे डोके पाण्याकडे ओढ घेते, दोन शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. असे असंख्य रेणू पाण्यात एकत्र आले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी दुपदरी चादर आपोआप तयार होते. हॉलंडमधील गॉर्टर आणि ग्रेन्डेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील मेदद्रव्ये वेगळी काढून पाण्यावर एका थरात पसरली, तेव्हा त्या थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. यावरून पेशीपटल, म्हणजेच पेशीचे आवरण, दुपदरी असले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पुढे लक्षात आले की त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या: मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. या चुकांनी एकमेकींना भरून काढले आणि निष्कर्ष बरोबर ठरला.

या पटलातच कोलेस्टेरॉल वसलेले असते. ते पटल फार सैल किंवा फार ताठ होऊ देत नाही. शिवाय पित्ताम्ले आणि कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके, ही सारी त्याच्यापासूनच बनतात. रक्त पाणीदार असल्यामुळे कोलेस्टेरॉलला प्रथिनांच्या वेष्टनातून प्रवास करावा लागतो. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या अशा कणांपैकी एलडीएल नावाच्या कणांची संख्या दीर्घकाळ जास्त राहिली की धमन्यांच्या भिंतींत साठा होऊ लागतो आणि धोका निर्माण होतो.

मेदाची महती मला सर्वाधिक जाणवते ती फुप्फुसात. तेथील वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो आणि त्याच्या पृष्ठताणामुळे हे इवले फुगे श्वास सोडताना मिटू पाहतात. मुख्यतः फॉस्फोलिपिडचे बनलेले सरफॅक्टंट नावाचे द्रव्य या थरावर पसरून तो ताण कमी करते. गर्भाच्या फुप्फुसात ते गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात पुरेसे तयार होते. अकाली जन्मलेल्या बाळांना श्वास घेणे अशक्यप्राय होते ते याच द्रव्याच्या अभावी, हे मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. जपानमधील तेत्सुरो फुजिवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या फुप्फुसातून मिळवलेले सरफॅक्टंट अशा १० बाळांच्या श्वासनलिकेत सोडले आणि १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: बाळांच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण सुधारले होते आणि मिटलेले वायुकोश उघडले होते.