बेर्नुली सिद्धांत

बेर्नुली सिद्धांत : द्रायुयामिकीतील (द्रव व वायू यांच्या संतुलनाचा व गतीचा अभ्यास करणाऱ्या शाखेतील) एक मूलभूत सिद्धांत. श्यानता (अंतर्गत घर्षण) नगण्य असलेल्या व असंपीड्य (दाबाने घनफळ न बदलणाऱ्या) द्रायूच्या स्थायी (कालानुसार न बदलणाऱ्या) प्रवाहात एकाच प्रवाहरेषेवरील (प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्या रेषेवरील) सर्व बिंदूंपाशी दाब, एकक घनफळाची गतिज ऊर्जा आणि एकक घनफळाची स्थितिज ऊर्जा यांची बेरीज सारखीच असते, असे हा सिद्धांत सांगतो. दाब दा, घनता घ, वेग वे, गुरुत्वीय प्रवेग गु आणि ठरावीक पातळीपासूनची उंची उ मानल्यास तो पुढीलप्रमाणे लिहितात :

दा + ½ घ वे² + घ गु उ = स्थिरांक

सर्व पदांना घ गु ने भागले की प्रत्येक पद लांबीच्या एककात येते. जलाभियांत्रिकीत या पदांना अनुक्रमे दाबशीर्ष, वेगशीर्ष व स्थितिशीर्ष म्हणतात आणि गणिते बहुधा याच रूपात करतात.

इतिहास : सिद्धांताचे श्रेय स्विस गणितज्ञ डॅनिएल बेर्नुली (१७००–८२) यांना देण्याची प्रथा आहे. त्यांचा ‘हायड्रोडायनॅमिका’ हा लॅटिन ग्रंथ १७३८ मध्ये स्ट्रासबर्ग येथे प्रसिद्ध झाला. मात्र त्याचा बराचसा भाग ते सेंट पीटर्झबर्गच्या अकादमीत असताना, म्हणजे १७३३ पूर्वीच लिहून झाला होता, असे मानतात. वर दिलेले समीकरण त्या रूपात या ग्रंथात सापडत नाही. तेथे विचाराचा पाया आहे तो ‘जिवंत बला’च्या (आजच्या भाषेत गतिज ऊर्जेच्या दुपटीच्या) अक्षय्यतेचा, आणि वेग हा स्वतंत्र राशी म्हणून नव्हे, तर तो मिळवण्यासाठी जेवढ्या उंचीवरून पडावे लागेल त्या उंचीच्या रूपात मांडलेला आहे.

वाहते पाणी नळाच्या भिंतीवर किती दाब देते, हा प्रश्न बाराव्या प्रकरणात येतो. डॅनिएल यांनी मोठ्या टाकीला जोडलेला आडवा नळ कल्पिला. नळाचे दुसरे टोक लहान छिद्र असलेल्या चकतीने बंद आहे. ही चकती एकाएकी नाहीशी झाली तर नळातील पाणी प्रवेग घेईल. हा प्रवेग चकतीमुळे अडलेला असतो आणि भिंतीवरील दाब त्याच्या प्रमाणात असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. टाकीतील पाण्याची उंची ‘अ’ आणि नळाच्या छेदाचे छिद्राच्या छेदाशी गुणोत्तर ‘न’ धरल्यास भिंतीवरील दाब (न² − १)/न² × अ एवढ्या उंचीच्या जलस्तंभाइतका येतो. छिद्रातून पाणी √(२ गु अ) या वेगाने बाहेर पडते आणि नळातील वेग त्याच्या १/न पट असतो, हे लक्षात घेतले तर आजच्या समीकरणातूनही नेमके हेच उत्तर निघते. युक्तिवाद काहीसा आडवळणाचा असला, तरी निष्कर्ष अचूक आहे. भिंतीत उभी काचनळी बसवून तिच्यात पाणी किती चढते, हेही त्यांनी प्रयोगाने पाहिले होते.

डॅनिएल यांचे वडील योहान बेर्नुली (१६६७–१७४८) यांचा ‘हायड्रॉलिका’ हा ग्रंथ त्यांच्या समग्र लेखनात १७४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत छापून आला. त्यावर लेखनाचे वर्ष म्हणून १७३२ असे नोंदवलेले होते. म्हणजे हे काम मुलाच्या ग्रंथाआधीचे ठरले असते. हे वर्ष मागाहून घातले असावे, असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. ग्रंथाचे भाग स्विस गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांच्याकडे १७३९ च्या सुमारास पोहोचले, ही गोष्टही त्याला पूरक आहे. पितापुत्रांत १७३४ मधील पॅरिस अकादमीच्या विभागून मिळालेल्या पारितोषिकापासूनच वितुष्ट होते. ‘हायड्रोडायनॅमिका’च्या मुखपृष्ठावर डॅनिएल यांनी स्वतःचा उल्लेख ‘योहानपुत्र’ असा केला होता. पुढे आपले सारे कामच हिरावले गेल्याची तक्रार त्यांनी ऑयलर यांना पत्राने कळवली.

अग्रक्रमाच्या वादामुळे योहान यांच्या ग्रंथातील आशय मात्र झाकला गेला. त्यांनी ऊर्जेचा आधार न घेता द्रवाच्या पातळ कापांवर लागणारी बले थेट विचारात घेतली, आणि द्रवाच्या आतच, एका कापावर शेजारच्या कापाने दिलेला दाब ही कल्पना वापरली. डॅनिएल यांचा दाब हा भिंतीवरचा होता. योहान यांचा आतला. विज्ञानाचे इतिहासकार क्लिफर्ड ट्रूसडेल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या मुद्द्यावर भर देऊन योहान यांच्या कामाची बाजू घेतली. ती रास्त वाटते. तथापि प्रत्येक बिंदूपाशी दाब असलेल्या द्रायूची गतिसमीकरणे आणि त्यांचे प्रवाहरेषेवरील समाकलन ही ऑयलर यांचीच देणगी होय. त्यांचा यासंबंधीचा निबंध १७५५ मध्ये बर्लिन अकादमीपुढे सादर झाला व १७५७ मध्ये छापला गेला. त्यामुळे कल्पना डॅनिएल यांची आणि समीकरण ऑयलर यांचे, अशी विभागणी करणे अधिक सयुक्तिक ठरते.

उपपत्ती : प्रवाहरेषेवरील एका लहान घटकाला न्यूटनचा दुसरा नियम लावला की सिद्धांत मिळतो. घटकाच्या मागील व पुढील बाजूंच्या दाबांतील फरक आणि वजनाचा प्रवाहरेषेच्या दिशेतील घटक एवढीच बले आहेत. त्यांची बेरीज ही वस्तुमान व प्रवेग यांच्या गुणाकाराएवढी असते. हे समीकरण रेषेच्या बाजूने समाकलित केल्यास वरील बेरीज स्थिर येते. ‘वेग वाढला म्हणून दाब घटला’ असे सर्रास म्हटले जाते, पण यात कार्यकारणाची दिशा उलटी लागण्याचा धोका आहे. आडव्या प्रवाहात मागे जास्त व पुढे कमी दाब असल्यामुळे घटकाला प्रवेग मिळतो.

१० सेंमी. व्यासाच्या आडव्या नळातून १ मी./से. वेगाने वाहणारे पाणी ५ सेंमी. व्यासाच्या भागात शिरले, तर सातत्य समीकरणानुसार (प्रत्येक छेदातून एका सेकंदात सारखेच पाणी जाते, या नियमानुसार) वेग ४ मी./से. होतो. दाबातील घट ½ × १,००० × (१६ − १) = ७,५०० पास्काल, म्हणजे सु. ७६ सेंमी. जलस्तंभाएवढी येते.

मर्यादा : स्थिरांक एका प्रवाहरेषेपुरता असतो, दुसऱ्या रेषेवर त्याचे मूल्य वेगळे असू शकते. प्रवाह अभ्रमिल (ज्यात द्रायूचे घटक स्वतःभोवती फिरत नाहीत असा) असेल तरच तो सर्वत्र एकच असतो. ही अट विसरल्याने पाठ्यपुस्तकांतही चुकीची स्पष्टीकरणे रुळली आहेत. कागदाच्या लोंबत्या पट्टीवरून फुंकर मारली की पट्टी वर उचलली जाते. तेव्हा वरच्या हवेचा वेग जास्त म्हणून तेथील दाब कमी, असे सांगतात. परंतु तोंडातून निघालेल्या झोताला फुप्फुसांनी जादा ऊर्जा दिलेली असते, खालच्या स्थिर हवेचा व त्याचा स्थिरांक एक नसतो, आणि मोकळ्या सरळ झोतातील दाब जवळजवळ वातावरणीय दाबाइतकाच असतो. खरे कारण म्हणजे झोत पट्टीच्या पृष्ठाला धरून वळतो. वळत्या प्रवाहरेषांना वक्रतेच्या केंद्राकडे दाब कमी असावा लागतो. विमानाच्या पंखावरून व खालून गेलेल्या हवेला मागच्या कडेशी एकाच वेळी पोहोचावे लागते, हे विधानही निराधार आहे. वरची हवा प्रत्यक्षात आधी पोहोचते. पंखाभोवतीचा वेग एकदा ठाऊक झाला, की सीमास्तराबाहेर (पृष्ठालगतच्या, श्यानतेचा प्रभाव असलेल्या पातळ थराबाहेर) दाब काढण्यास सिद्धांत अगदी योग्य असतो.

श्यानतेमुळे होणारा ऊर्जेचा ऱ्हास लांब नळांत दुर्लक्षिता येत नाही. तेथे समीकरणात घर्षणजन्य शीर्षऱ्हासाचे पद घालतात, आणि पंप असल्यास त्याने दिलेले शीर्षही. वायूंच्या बाबतीत माख अंक (प्रवाहाचा वेग व ध्वनीचा वेग यांचे गुणोत्तर) ०·३ पेक्षा कमी असेपर्यंत घनतेतील बदल ५ टक्क्यांच्या आत राहतो व वरील रूप चालते. त्यापुढे संपीड्य प्रवाहाचे समीकरण वापरावे लागते.

उपयोग : टाकीच्या छिद्रातून पडणाऱ्या द्रवाच्या वेगाचा टोरिचेल्ली यांचा नियम (१६४४) हा या सिद्धांताचा विशेष प्रकार आहे. मात्र तीक्ष्ण कडेच्या छिद्राबाहेर झोत आकुंचन पावून त्याचा छेद छिद्राच्या सु. ०·६ पट होतो. न्यूटन यांनी १६८७ मध्ये या वेगाचे चुकीचे मूल्य दिले होते. १७१३ च्या आवृत्तीत हे आकुंचन लक्षात घेऊन त्यांनी ते सुधारले. पितो यांनी आपली वेगमापक नळी १७३२ मध्ये, म्हणजे ‘हायड्रोडायनॅमिका’पूर्वीच मांडली, विमानाचा हवासापेक्ष वेग आजही तिच्यासारख्या नळीने मोजतात. निमुळत्या नळातील दाबघटीवर व्हेंतुरी यांनी १७९७ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले, तर तिच्यावरून प्रवाहमापक तयार केला तो क्लेमेन्स हर्शेल यांनी १८८७ च्या सुमारास.

वेग फार वाढल्यास दाब द्रवाच्या बाष्पदाबापर्यंत (ज्या दाबाला त्या तापमानाचा द्रव उकळू लागतो त्या दाबापर्यंत) उतरतो. २०° से. तापमानाच्या पाण्यासाठी बाष्पदाब सु. २·३ किलोपास्काल असल्याने, वातावरणीय दाबाखालील स्थिर पाणी आडव्या वाटेने सु. १४ मी./से. वेगाला पोहोचले की त्यात बुडबुडे होऊ लागतात. हे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या भागात फुटतात आणि पंपांच्या व जहाजाच्या पंख्यांच्या पात्यांवर खड्डे पडतात.