व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपसाठी सपोर्ट केस: पात्रता, लागणारी माहिती आणि नोंदणीची पद्धत

बॅकअप सॉफ्टवेअरच्या कंपनीकडे सपोर्ट मागणे हा एक अर्जच असतो. पात्रता तपासली जाते, पुरावे मागितले जातात आणि काही कमी पडले की केस ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ या शेऱ्याखाली पडून राहते. केस रखडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पहिल्याच दिवशी दिलेली अपुरी माहिती. पुढील तपशील मुख्यतः व्हीएमवेअरवरच्या यंत्रणेसाठी आहे, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक) चालवणाऱ्या प्रणालीसाठी. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीसाठी क्रम हाच, फक्त लॉग वेगळे.

आधी पात्रता तपासा

कायमस्वरूपी लायसन्सवर सॉफ्टवेअर चालत राहते, म्हणून मेंटेनन्सचा करार संपल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. करार चालू नसेल तर केस सहसा नोंदलीच जात नाही. केस नोंदवणाऱ्याचे नावही करारातील अधिकृत संपर्कांत असावे लागते. पोर्टलचे खाते नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ई-मेलवर राहिले, तर ऐन वेळी मालकी सिद्ध करण्यातच वेळ जातो. खात्याचे हक्क किमान दोघांकडे असू द्या.

दुसरी अट आवृत्त्यांच्या मेळाची. बॅकअप सॉफ्टवेअर, व्हीसेंटर (सर्व होस्टचे मध्यवर्ती नियंत्रण), ईएसएक्सआय (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या होस्ट सर्व्हरवरची प्रणाली) आणि गेस्ट, म्हणजे मशीनच्या आतली, ऑपरेटिंग सिस्टीम हे चारही कंपनीच्या कंपॅटिबिलिटी मॅट्रिक्समध्ये (कोणत्या आवृत्त्या एकमेकींबरोबर चालतात त्या तक्त्यात) एकत्र बसले पाहिजेत. व्हीस्फिअर (व्हीसेंटर आणि ईएसएक्सआय यांचा संच) 6.7 चा सर्वसाधारण सपोर्ट 15 ऑक्टोबर 2022 ला आणि 7.0 चा 2 ऑक्टोबर 2025 ला संपला. अशा जुन्या आवृत्तीवर बॅकअप कंपनी मदत करीलही, पण दोष हायपरवायझरमध्ये, म्हणजे ईएसएक्सआयमध्ये, निघाला तर त्याची दुरुस्ती कोणाकडून मिळवायची हा प्रश्न उरतो. अपग्रेडचा क्रमही पाळा: आधी बॅकअप सॉफ्टवेअर, मग व्हीसेंटर, शेवटी ईएसएक्सआय. उलट केले की दुसऱ्या दिवशी बॅकअपचे सगळे जॉब (ठरवून दिलेली कामे) बंद, आणि मॅट्रिक्समध्ये न बसणाऱ्या जोडीवर केस पुढे सरकत नाही.

काही गोष्टींसाठी केस नोंदवून उपयोगच नाही, कारण तो बिघाड नसून मर्यादा आहे. इंडिपेंडंट (स्नॅपशॉटमधून वगळलेली) डिस्क, फिजिकल मोडमधील आरडीएम (मशीनला थेट जोडलेला स्टोरेजचा भाग) आणि एससीएसआय बस शेअर केलेल्या (अनेक मशीन मिळून वापरतात अशा) डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, निघत नाही. तिथे गेस्टच्या आत एजंट (बॅकअप घेणारा छोटा प्रोग्रॅम) बसवावा लागतो. चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंगसाठी, म्हणजे डिस्कचे फक्त बदललेले भाग नोंदवणाऱ्या सीबीटीसाठी, व्हर्च्युअल हार्डवेअर आवृत्ती 7 किंवा पुढची लागते.

काय काय जोडायचे

- करार क्रमांक किंवा लायसन्स आयडी
- सर्व घटकांचे बिल्ड क्रमांक. नुसते ‘व्हर्जन 8’ पुरत नाही
- अयशस्वी जॉबचे नाव, एका मशीनचे नाव आणि एररचा पूर्ण मजकूर, कॉपी करून (स्क्रीनशॉटमधला मजकूर शोधता येत नाही)
- ट्रान्सपोर्ट मोड, म्हणजे डेटा वाचण्याचा मार्ग: सॅन (थेट स्टोरेजमधून), हॉटअॅड (मशीनची डिस्क प्रॉक्सीला तात्पुरती जोडून), एनबीडी (नेटवर्कवरून होस्टमार्फत) की एनबीडीएसएसएल (तेच, पण एन्क्रिप्ट करून)
- शेवटचा यशस्वी बॅकअप कधी झाला आणि त्यानंतर काय बदलले: पॅच, पासवर्ड, फायरवॉल, स्टोरेज

लॉग तीन ठिकाणचे लागतात: बॅकअप सर्व्हर, डेटा हलवणारा प्रॉक्सी, आणि ईएसएक्सआय होस्टचा सपोर्ट बंडल (त्याच्या सगळ्या लॉगचा एकत्र गठ्ठा). बहुतेक जण पहिलाच पाठवतात. मशीनच्या फोल्डरमधला व्हीएमवेअर-लॉगही घ्या. हे लॉग ठरावीक मर्यादेनंतर पुसले जातात, म्हणून सर्व्हिस रीस्टार्ट करण्याआधी ते काढून ठेवा. ईएसएक्सआयचे लॉग यूटीसी वेळेत असतात, बॅकअप सर्व्हरचे बहुधा स्थानिक वेळेत. बिघाडाची वेळ दोन्ही पद्धतींनी लिहिलीत तर इंजिनिअरचा पुष्कळ वेळ वाचतो. गेस्ट विंडोज असेल आणि स्नॅपशॉट काढताना अॅप्लिकेशन शांत करण्याच्या टप्प्यावर जॉब पडत असेल, तर व्हीएसएस रायटरची (विंडोजमध्ये बॅकअपसाठी अॅप्लिकेशनचा डेटा स्थिर करणाऱ्या घटकांची) यादी त्याच वेळी काढून जोडा.

लॉगमध्ये सर्व्हरची नावे, आयपी पत्ते आणि युजरनेम असतात. संस्थेची माहिती-सुरक्षेची परवानगी लागत असेल तर ती आधीच घेऊन ठेवा. पासवर्ड केसमध्ये कधीही लिहू नका.

गांभीर्य कसे ठरवावे

सर्वोच्च पातळी रोजचे काम चालवणारी यंत्रणा ठप्प असताना वापरायची. बंद पडलेल्या मशीनचे रिस्टोअर होत नसेल तर ती नि:संकोच निवडा आणि पोर्टलवर थांबून न राहता फोनही करा. या पातळीवर तुमच्या बाजूनेही माणूस चोवीस तास उपलब्ध असावा लागतो, नाहीतर केस खालच्या पातळीवर नेली जाते. एका मशीनचा एका रात्रीचा बॅकअप चुकला तर मधली पातळी पुरते. एका केसमध्ये एकच बिघाड लिहा. दोन वेगळे एरर एकत्र आले की एकाचे उत्तर मिळताच केस बंद होते आणि दुसरा राहून जातो.

नोंदवण्याआधी हे पाहून घ्या

एनबीडीवर ‘सर्व्हरने कनेक्शन नाकारले’ म्हणजे 14009 क्रमांकाचा एरर आला, तर प्रॉक्सीवरून ईएसएक्सआयचे नाव डीएनएसमध्ये सापडते का आणि टीसीपी पोर्ट 902 उघडे आहे का ते तपासा. व्हीसेंटरपर्यंतचे 443 चालू असते, त्यामुळे लॉगिन होते आणि माणूस फसतो. डेटा मात्र थेट होस्टकडून 902 वरून येतो.

हॉटअॅडमध्ये जॉब मध्येच तुटला तर मूळ मशीनची डिस्क प्रॉक्सीला जोडलेलीच राहते. मग स्नॅपशॉट पुसला जात नाही, मशीनवर ‘डिस्क कन्सॉलिडेशन आवश्यक’ (स्नॅपशॉटच्या फाइली मूळ डिस्कमध्ये मिळवणे आवश्यक) अशी सूचना येते आणि डेटास्टोअर, म्हणजे मशीनच्या फाइली ठेवण्याची जागा, भरत जातो. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या मशीनच्या फोल्डरमधली व्हीएमडीके (व्हर्च्युअल डिस्कची फाइल) दिसली तर, एकही जॉब चालू नाही याची खात्री करून, ती नुसती काढा. ‘डेटास्टोअरमधून फाइल पुसा’ हा पर्याय चुकूनही निवडू नका. ती चालू कामातली डिस्क आहे. त्यानंतर मूळ मशीनवर कन्सॉलिडेट चालवा.

सीबीटीबद्दलची शंका सर्वांत गंभीर मानावी, कारण जॉब हिरवा दिसतो आणि आतला डेटा चुकीचा असू शकतो. 2014 मध्ये उघडकीस आलेल्या दोषात डिस्क 128 जीबीची हद्द ओलांडून वाढवली की बदललेल्या ब्लॉकची यादीच चुकीची येत असे. म्हणून डिस्क कधी आणि किती वाढवली हे केसमध्ये जरूर लिहा. सपोर्टने सीबीटी रीसेट करायला सांगितले तर पुढचा बॅकअप पूर्ण डिस्क वाचतो. वेळेची आणि जागेची तरतूद करूनच तो लावा.

केस बंद करताना

जॉब यशस्वी झाला एवढ्यावर संमती देऊ नका. त्याच मशीनचे वेगळ्या नावाने, नेटवर्क तोडून रिस्टोअर करा, ते बूट करा आणि आतला डेटाबेस उघडतो का पाहा. नंतर इंजिनिअरकडून मूळ कारण आणि हॉटफिक्सचा (त्या एका दोषासाठी दिलेल्या दुरुस्तीचा) क्रमांक लेखी घ्या. खासगी, म्हणजे फक्त तुम्हाला दिलेला, हॉटफिक्स पुढच्या अपग्रेडमध्ये समाविष्ट आहे का, हे अपग्रेड करण्याआधी त्याच केसच्या संदर्भाने विचारावे लागते.