फोकसर दाखवतो तो आकडा खरा का?

200 मिलिमीटर आरशाची, एक मीटर नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण हौशी आकाशछायाचित्रकारांकडे हमखास असते. तिचं एफ-गुणोत्तर, म्हणजे नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास, 5. हिरव्या प्रकाशाचा हिशेब मांडला, तर कॅमेरा मागेपुढे होऊनही तारा रेखीव राहील अशी जागा भरते 67 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पंधरावा भाग. हाताने नॉब फिरवून हे एखाद वेळी साधेल, रात्रभर नाही. म्हणून फोकसरला, म्हणजे कॅमेरा धरून मागेपुढे सरकणाऱ्या नळीच्या यंत्रणेला, स्टेपर मोटर लावतात. ही मोटर छोट्या, सारख्या टप्प्यांनी फिरते; त्या टप्प्याला स्टेप म्हणतात.

मोटरला मायक्रॉन कळत नाहीत, फक्त स्टेप कळतात. त्यामुळे पहिलं काम व्हर्नियर कॅलिपरचं. 5000 स्टेपमध्ये फोकसरची नळी 20 मिलिमीटर सरकली, तर एक स्टेप 4 मायक्रॉनची. आपल्या 67 मायक्रॉनात मावतात जेमतेम 16 स्टेप.

खरी गोम गिअरमध्ये आहे. जुन्या गाडीच्या स्टेअरिंगला असतो तसा प्ले इथेही असतो. सॉफ्टवेअरमध्ये तो बॅकलॅश या नावाने भेटतो. दिशा उलटली की सुरुवातीच्या स्टेप दात्यांमधली फट भरण्यातच जातात. स्क्रीनवर आकडा पळतो, कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. मोजायचं तर तारा थोडा फोकसबाहेर नेऊन फुगवायचा, मग मोटर उलटी फिरवायची आणि ताऱ्याचा व्यास बदलू लागेपर्यंत किती स्टेप गेल्या ते पाहायचं. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरता येतो, पण माझ्या मते त्याहून भरवशाचं म्हणजे फोकसकडे नेहमी एकाच बाजूने यायचं. उलट जायची वेळ आली, तर मुद्दाम पुढे जाऊन परतायचं. मग मोजमाप थोडं चुकलं तरी बिघडत नाही.

यानंतर आलेख. ठरावीक स्टेपनंतर एकेक फोटो घेऊन ताऱ्याचा व्यास मांडला की इंग्रजी व्ही उमटतो. फोकसपासून 1 मिलिमीटर सरकलं की ठिपका 0.2 मिलिमीटर रुंद होतो, म्हणून बाहू सरळ येतात. तळ मात्र हवेच्या थरथरीने गोलसर होतो. तिथे सर्वांत लहान ठिपका शोधत बसू नये. दोन्ही बाहू खाली वाढवले की जिथे मिळतात, तिथे फोकस. सुरुवातीचे दोन-तीन बिंदू आडव्या रेषेत आले, तर प्ले अजून शिल्लक आहे असं खुशाल समजावं.

उरलं तापमान. दुर्बिणीची नळी अ‍ॅल्युमिनियमची धरू. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे 23 मायक्रॉन आकसतं. मुख्य आणि छोट्या दुय्यम आरशांत पाऊण मीटर अंतर धरलं, तर पारा 8 अंश उतरेपर्यंत फोकस सुमारे 138 मायक्रॉन सरकलेला असतो. अंशाला साधारण 4 स्टेपची भरपाई द्यावी लागते. तापमानाचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नये, दुर्बिणीच्या नळीला चिकटवावा. हवेपेक्षा नळी सावकाश थंड होते.