चालत-बोलत मानसोपचार

मानसोपचाराचे किंवा समुपदेशनाचे सत्र खोलीत समोरासमोर बसून न घेता उपचारक आणि उपचार घेणारी व्यक्ती यांनी बरोबरीने चालत घेण्याची पद्धत. सत्राचा हेतू, कालावधी, शुल्क, गोपनीयता आणि उपचारकाची व्यावसायिक जबाबदारी या बाबी खोलीतल्या सत्राप्रमाणेच आधी ठरलेल्या असतात. बदलते ती जागा आणि शरीराची स्थिती. बाग, टेकडी, समुद्रकिनारा, रुग्णालयाचे आवार किंवा गजबज नसलेला रस्ता यांपैकी कोठेही असे सत्र होऊ शकते. बोधनिक वर्तन उपचार, मनोविश्लेषण किंवा व्यक्तिकेंद्री समुपदेशन यांसारखी ही स्वतंत्र विचारप्रणाली नाही. यांपैकी कोणत्याही प्रणालीचा उपचारक चालत सत्र घेण्याच्या या पद्धतीचा अवलंब करू शकतो.

शेजारच्या काही पद्धतींपासून ती वेगळी ओळखावी लागते. नैराश्यावर डॉक्टर व्यायाम सुचवतात तेव्हा हालचाल हाच उपचार असतो आणि संभाषण अनुषंगिक असते. मॅरियन चेस यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात सुरू केलेल्या कामातून पुढे आलेल्या नृत्य-हालचाल उपचारात हालचाल हीच अभिव्यक्तीची भाषा असते. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये पुढे आणलेल्या वनस्नानात, म्हणजे जंगलात निवांत वेळ घालवण्यात, उपचारकाची गरजच नसते. आषाढी वारीत दोन-तीन आठवडे चालून आल्यावर मन हलके झाल्याचे वारकरी सांगतात आणि त्यात तथ्य असावे. परंतु तेथे भक्ती आणि समुदाय यांचे बळ असते, उपचारक आणि रुग्ण असे नाते नसते, म्हणून वारीचा समावेश या नोंदीत होत नाही.

इतिहास : मनोरुग्णांना साखळदंडांतून मोकळे करून माणसासारखे वागवण्याची चळवळ युरोपात सुरू झाली, तेव्हापासून फिरणे उपचाराच्या परिघात आले. विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने इंग्लंडमधील यॉर्क येथे १७९६ मध्ये उघडलेल्या ‘रिट्रीट’ या संस्थेत बागेतील काम आणि मोकळ्या हवेतील फेरफटका हे दिनक्रमाचे भाग होते. पलंगावर पडून मुक्तपणे बोलण्याच्या पद्धतीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनीही काही मनोविश्लेषणे चालता चालता केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माक्स आयटिंगॉन हे तरुण डॉक्टर व्हिएन्नात त्यांच्याबरोबर संध्याकाळी फिरायला जात आणि त्या फिरण्यातच त्यांचे विश्लेषण चाले. संगीतकार गुस्ताव मालर ऑगस्ट १९१० मध्ये वैवाहिक संकटात सापडले असताना हॉलंडमधील लायडन येथे फ्रॉइड यांना भेटले. त्यांचा एकमेव सल्लाप्रसंग सुमारे चार तास गावातून चालत झाला. या प्रसंगांना पद्धतीची सुरुवात म्हणणे मात्र अतिशयोक्ती होईल, कारण फ्रॉइड यांनी त्यातून कोणतेही तंत्र मांडले नाही.

जाणीवपूर्वक प्रयोग १९७० च्या दशकात अमेरिकेत झाले, आणि तेही चालण्यापेक्षा धावण्याचे. सॅन दिएगो येथील मनोविकारतज्ज्ञ थॅडियस कॉस्ट्रुबाला स्वतः धावू लागल्यावर रुग्णांच्या गटाबरोबर धावू लागले, धावण्याला जोडून संभाषण घेऊ लागले आणि १९७६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जॉन ग्राइस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांच्या एका छोट्या गटात धावण्याची तुलना संभाषणात्मक मानसोपचाराशी केली आणि दोहोंचा परिणाम जवळपास सारखा आढळला. धावताना दम लागतो आणि सलग बोलता येत नाही. त्यामुळे पुढच्या दशकांत हा प्रवाह हळूहळू चालण्याकडे वळला, आणि एकविसाव्या शतकात अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील काही उपचारक चालत सत्रे घेऊ लागले. कोविड साथीच्या काळात बंद खोलीत बसणे धोक्याचे झाल्यावर या पद्धतीला एकाएकी मागणी आली. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने २०२० मध्ये मोकळ्या जागेतील संवादोपचाराबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्याची पार्श्वभूमी हीच होती.

परिणामामागची कारणे : हालचालीचा मनःस्थितीवर होणारा परिणाम बराच तपासला गेला आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल यांच्या गटाने १९९९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्तांचा अभ्यास मांडला. सोळा आठवड्यांनंतर आठवड्यातून तीनदा व्यायाम करणारे, सर्ट्रालीन हे नैराश्यावरचे औषध घेणारे आणि दोन्ही करणारे यांच्यात लक्षणीय फरक उरला नव्हता, जरी औषधाचा गुण सुरुवातीला लवकर दिसला होता. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२४ मध्ये आलेल्या, २१८ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात चालणे किंवा हलके धावणे, योग आणि ताकदीचे व्यायाम हे नैराश्यावर परिणामकारक प्रकारांत वरच्या स्थानी होते. तथापि वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्याने दिलेला इशाराही विसरता येत नाही : चाचणी जितकी काटेकोर, तितका व्यायामाचा परिणाम लहान दिसतो.

नैराश्यात तोच तो विचार मनात घोळत राहतो आणि माणूस त्यातून सुटत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील २०१५ च्या एका प्रयोगात दीड तास निसर्गात चालून आलेल्या व्यक्तींमध्ये असे घोळवणे कमी झाले आणि त्याच्याशी संबंधित मेंदूच्या पुढच्या भागातील क्रियाही मंदावली. वाहत्या रस्त्याकडेने तेवढाच वेळ चाललेल्यांत हा बदल दिसला नाही. त्याच विद्यापीठात २०१४ मध्ये दाखवले गेले, की चालताना माणसाला बसलेल्या अवस्थेपेक्षा अधिक आणि वेगळ्या कल्पना सुचतात, आणि त्यासाठी बागेची गरज नसून बंद खोलीतला चालण्याचा पट्टाही पुरतो. समुपदेशनाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण अडकलेल्या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहता येणे हेच पुष्कळदा सत्राचे उद्दिष्ट असते.

नात्याच्या मांडणीत होणारा बदल मोजायला अवघड आहे, परंतु उपचारक सर्वाधिक भर त्यावरच देतात. खुर्चीत बसलेल्या तज्ज्ञासमोर डोळ्याला डोळा भिडवून लाजिरवाणी गोष्ट सांगणे अनेकांना, विशेषतः किशोरवयीन मुलांना आणि बोलण्याची सवय नसलेल्या पुरुषांना, जड जाते. शेजारी चालताना दोघांची नजर एकाच दिशेला असते. खोलीतली शांतता टोचते, वाटेवरची टोचत नाही. दोन मिनिटे कोणीच काही बोलले नाही तरी पावले चालूच असतात. अंथरुणातून उठणेच कठीण झालेल्या नैराश्यग्रस्तासाठी ठरल्या वेळी ठरल्या जागी येऊन चालणे ही उपचाराची पहिली पायरी ठरू शकते.

सत्राचे स्वरूप : पहिली एक-दोन सत्रे बहुधा खोलीत होतात. त्यांत आजाराची तीव्रता, हृदयविकार, सांधेदुखी, दमा, चालू औषधे यांची विचारपूस होते आणि चालण्याला लेखी संमती घेतली जाते. मार्ग उपचारकाने आधी स्वतः चालून पाहिलेला असावा लागतो. पन्नास मिनिटांचे सत्र असेल, तर जाऊन परत येण्याच्या वाटेवर पंचविसाव्या मिनिटाला मागे फिरावे लागते, आणि अनुभवी उपचारक परतीचा टप्पा विषय आवरता घेण्यासाठी वापरतात. वेग उपचार घेणाऱ्याने ठरवायचा असतो. दोघांना पूर्ण वाक्य दम न लागता बोलता येणे ही त्याची मर्यादा. चाल हीच निरीक्षणाची वस्तू होते : सासरचा विषय निघताच पावले झपझप पडू लागतात, किंवा वडिलांचे नाव येताच व्यक्ती जागीच थांबते, आणि उपचारक “इथे थांबलात तुम्ही,” एवढेच म्हणून ती गोष्ट संभाषणात आणतो. रडू आल्यास बसता येईल असा आडोशाचा बाक आधीच हेरून ठेवलेला असतो. चालताना टिपणे घेता येत नाहीत, ती सत्र संपल्यावर लिहावी लागतात. हा दोष लहान वाटला तरी दिवसात पाच-सहा सत्रे घेणाऱ्याला तो जाणवतो.

मर्यादा : व्यायामाला पुरावा आहे, संवादोपचारालाही आहे; दोहोंच्या संयोगाला तुलनेने फार थोडा आहे. उपलब्ध अभ्यासांत बहुतांशी उपचारकांच्या व रुग्णांच्या मुलाखती आहेत, आणि आपण स्वीकारलेल्या पद्धतीविषयी उपचारक अनुकूल बोलणार हे गृहीत धरावे लागते. हा संयोग दोहोंच्या बेरजेपेक्षा अधिक काही देतो, असे खात्रीने म्हणण्याइतक्या चाचण्या झालेल्या नाहीत. उपचारांविषयी अधिकृत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या नैराश्यविषयक मार्गदर्शिकेत कमी तीव्रतेच्या नैराश्यासाठी गटव्यायाम हा पर्याय दिला आहे, परंतु तो स्वतंत्र उपचार म्हणून.

आत्महत्येचा विचार प्रबळ असताना, भ्रम-भास चालू असताना किंवा आघातानंतरच्या ताणामुळे प्रत्येक आवाजाला व्यक्ती दचकत असताना उघड्यावरचे सत्र टाळले जाते. अशा तातडीच्या वेळी रुग्णालय किंवा केंद्र सरकारची १४४१६ ही टेलि-मानस दूरध्वनी सेवा हाच मार्ग असतो. आहारविकारात वजन घटवण्यासाठी अतोनात चालणे हेच लक्षण असू शकते, तेथे ही पद्धत अपायकारक ठरते. मनःस्थितीतील तीव्र चढउतारांवर दिले जाणारे लिथियम हे औषध घेणाऱ्यांना उन्हात घाम जाऊन पाणी कमी झाल्यास रक्तातील औषधाची पातळी धोकादायक रीतीने वाढू शकते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात ही खबरदारी अनिवार्यच समजावी.

महाराष्ट्रातील संदर्भ : येथे खरी अडचण गोपनीयतेची आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा मुंबईच्या शिवाजी पार्कात सकाळी फिरणारे एकमेकांना ओळखतात, आणि “काय, आज उशीर?” असे विचारत थांबणारा परिचित सत्राच्या ऐन मध्यावर भेटू शकतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या २३ व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि माहिती गुप्त राखणे उपचार देणाऱ्यावर बंधनकारक केले आहे. म्हणून परिचित भेटल्यास उपचारकाची ओळख काय म्हणून करून द्यायची, की पुढे चालत राहायचे, हे पहिल्याच सत्रात ठरवतात. तालुक्याच्या गावी समुपदेशकासोबत चालणे म्हणजे उपचार चालू असल्याची दवंडीच. याउलट मोठ्या शहरात मनोविकारतज्ज्ञाच्या पाटीखालून आत शिरण्याचा संकोच असलेल्याला बागेतले सत्र सोयीचे पडते, कारण फिरणारी दोन माणसे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. उपचारक पुरुष आणि रुग्ण तरुण स्त्री असेल, तर भरू शकतात. सकाळी दहानंतर गर्दी ओसरते, पण ऊन चढते. पावसाळ्याचे चार महिने पर्यायी खोली हाताशी ठेवावी लागते, आणि अनेक शहरांत पदपथ सलग पन्नास मिनिटे चालण्याजोगे नाहीत. त्यामुळे भिंतीआड, झाडी असलेले रुग्णालयाचे किंवा पुनर्वसन केंद्राचे आवार ही या पद्धतीला आपल्याकडे सर्वांत अनुकूल जागा दिसते.

उपचारकाच्या पात्रतेचा प्रश्नही येथे येतो, कारण खोली नसली की दारावरची पाटी आणि भिंतीवरचे प्रमाणपत्रही दिसत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशकांसह इतर मानसशास्त्रीय व्यावसायिकांचा समावेश २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोग कायद्याच्या अनुसूचीत झाला आहे. शुल्क घेऊन सोबत चालणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.