जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या स्वयंचलित चाचण्या

लायब्ररीतले प्रत्येक फंक्शन ठरल्याप्रमाणे उत्तर देते का, हे हाताने न पाहता दुसऱ्या कोडकडून तपासून घेणे म्हणजे स्वयंचलित चाचणी. लायब्ररीतली चूक ती वापरणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात उतरते, म्हणून इथे चाचण्यांवाचून भागत नाही.

मोका, जेस्ट ही साधने रुळलेली आहेत. मात्र ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १८व्या आवृत्तीपासून (२०२२) चाचण्या चालवण्याची सोय नोडमध्येच आली, नोड २० मध्ये ती स्थिर झाली, आणि छोट्या लायब्ररीला तेवढी पुरते. चाचण्यांच्या फाइली ‘टेस्ट’ फोल्डरमध्ये ठेवाव्यात, पॅकेज डॉट जेसन या प्रकल्पाची माहिती ठेवणाऱ्या फाइलीच्या ‘स्क्रिप्ट्स’मध्ये ‘टेस्ट’समोर ‘नोड --टेस्ट’ लिहावे आणि टर्मिनलवर ‘एनपीएम टेस्ट’ चालवावे (एनपीएम म्हणजे नोडसोबत येणारे, पॅकेजे बसवणारे साधन). प्रत्येक फाइल वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते. त्यामुळे एका फाइलीत बदललेले ग्लोबल व्हेरिएबल दुसरीला बाधत नाही, त्याच फाइलीतल्या पुढच्या चाचणीला मात्र बाधते.

तुलना करताना सारख्याच दिसणाऱ्या दोन अ‍ॅरेंना तुलनेचे ‘स्ट्रिक्टइक्वल’ हे फंक्शन वेगळे मानते. तिथे आतले घटक ताडून पाहणारे ‘डीपस्ट्रिक्टइक्वल’ हवे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, म्हणून दशांशांसाठी फरकाची मर्यादा ठरवावी लागते.

सर्वांत घातक चूक म्हणजे विसरलेला ‘अवेट’, म्हणजे प्रॉमिसचे (नंतर मिळणाऱ्या उत्तराचे) काम पुरे होईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द. प्रॉमिसचा निकाल लागण्याआधीच चाचणी संपते आणि ‘पास’ दिसते. म्हणून नवी चाचणी लिहिल्यावर फंक्शन मुद्दाम बिघडवावे आणि ती लाल (नापास) होते का ते पाहावे. जी कधीच फसली नाही, त्या चाचणीवर विश्वास ठेवू नये.

भारतात बसून काम करणाऱ्यांना तारखा हमखास छळतात. ‘न्यू डेट(२०२४, ०, १)’ म्हणजे स्थानिक वेळेनुसार १ जानेवारीची मध्यरात्र (इथे महिने शून्यापासून मोजतात). पुण्यातल्या लॅपटॉपवर तिचे ‘टूआयएसओस्ट्रिंग’ केले तर ३१ डिसेंबर २०२३, १८:३० मिळते, कारण ते वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. यूटीसीवर चालणारा सर्व्हर १ जानेवारीच दाखवतो. तीच चाचणी तिथे हिरवी, इथे लाल! त्यावर उपाय म्हणजे ‘टीझेड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून सगळ्या चाचण्या एकदा यूटीसीत आणि एकदा ‘एशिया/कोलकाता’त चालवणे. आकड्यांचेही तसेच. लोकेल (भाषा आणि प्रदेशाचा संकेत) न देता ‘टूलोकेलस्ट्रिंग’ वापरले तर एक लाखाचे रूप यंत्रागणिक बदलते. मराठी लोकेलमध्ये ते ‘१,००,०००’ असे देवनागरीत येते. लोकेल नेहमी स्पष्ट द्यावे.

सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवावे. ते लॉकफाइलमधल्याच (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलीतल्याच) आवृत्त्या बसवते आणि पॅकेज डॉट जेसनशी ताळमेळ नसेल तर थांबते.

चाचण्या सहसा मूळ सोर्स फोल्डरमधून इम्पोर्ट करतात, वापरणाऱ्याला मात्र पॅकेज मिळते. पॅकेजमध्ये काय जावे ते सांगणाऱ्या, पॅकेज डॉट जेसनमधल्या ‘फाइल्स’ यादीत एखादे फोल्डर राहून गेले, तर सर्व चाचण्या हिरव्या असूनही इम्पोर्ट फसतो. म्हणून प्रकाशनाआधी ‘एनपीएम पॅक’ने तयार होणारी टीजीझेड फाइल रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करावी आणि लायब्ररी तिच्या नावाने इम्पोर्ट करून पाहावी.