मुळाला चिकटलेली माती

हरभऱ्याचं एखादं झाड जमीन वाफशावर असताना खुरप्याने मुळासकट काढावं आणि हातात धरून झटकावं. बरीचशी माती खाली पडते. तरी मुळ्यांवर एक पातळ थर उरतोच, कितीही झटकलं तरी तो सुटत नाही. प्रयोगशाळेतही पहिली पायरी हीच असते. झटकल्यावर पडली ती साधी माती. चिकटून राहिली ती ब्रशने किंवा पाण्याने वेगळी काढायची आणि स्वतंत्र तपासायची. हा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो, आणि झाडाला जमिनीतून जे मिळतं त्यातलं बहुतेक सगळं या थरातून जातं.

1904 साली लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने या थराला 'रायझोस्फियर' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत 'रायझा' म्हणजे मूळ. मी इथे 'मूळशेजार' म्हणणार आहे, कारण तिथे चालतं ते शेजाऱ्यांसारखंच असतं: उसनवारी, राखण आणि भांडणंही. आपल्या शेतकऱ्यांकडे या शेजाराच्या परिणामासाठी फार जुना शब्द आहे, बेवड. आधीचं पीक निघून गेलं तरी जमिनीला त्याचा जो गुण लागतो, तो बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, तागाचा चांगला, आणि त्याच शेतात वर्षानुवर्षं तेच पीक घेतलं की बेवड बिघडतो, हे सांगायला कुणाला सूक्ष्मदर्शक लागला नव्हता. बेवडात ओलाव्याचा आणि उरलेल्या खताचा भाग असतोच. पण मातीत मागे राहिलेल्या धसकटांभोवती जे जिवाणू आणि बुरशा टिकून असतात, त्यांचा वाटाही मोठा असतो.

हे सगळे तिथे जमतात ते खाण्यासाठी. पानांत उन्हाच्या बळावर तयार झालेली साखर झाड पूर्ण स्वतःकडे ठेवत नाही. तिचा काही भाग मुळ्यांवाटे मातीत झिरपतो. पीक, त्याचं वय आणि जमीन यांनुसार हे प्रमाण बदलतं, तरी पानांनी कमावलेल्या कार्बनच्या पाच ते वीस टक्के असे अंदाज अनेक पिकांत आले आहेत. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छापण्यात चूक असेल असंच वाटलं होतं. दाणे भरायचे सोडून झाड एवढी कमाई मातीत का ओतेल?

ओततं खरं. शर्करा, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं आणि मुळीच्या टोकाला असणारा बुळबुळीत स्राव, असं बरंच काही पांढऱ्या मुळीतून सतत बाहेर पडत असतं. शेतकरी पीक जोमात आहे का हे बघायला पांढरी मुळी शोधतो, कारण हीच मुळी कामाची. साध्या मातीच्या मानाने मूळशेजारात जिवाणूंची संख्या अनेकदा दहा-वीस पट, कधी त्याहूनही जास्त भरते. पण गंमत अशी की संख्या वाढली तरी जातींची विविधता सहसा घटते. म्हणजे झाड अन्नछत्र उघडून बसलेलं नाही. स्रावात काय मिसळायचं यावरून कुणाला जवळ करायचं, हे बऱ्याच अंशी तेच ठरवतं.

ही निवड किती नेमकी असते ते हरभऱ्याच्याच गाठींत दिसतं. डाळवर्गीय पिकं हवेतला नत्र वापरतात आणि त्यामागे गाठींतले सूक्ष्मजीव आहेत, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोघांनी 1886 मध्ये जर्मनीत दाखवलं. दोन वर्षांनी बायरिंक या डच शास्त्रज्ञाने तो जिवाणू गाठीतून वेगळा काढला. नत्र कमी पडला की मुळी ठरावीक रसायनं सोडते. योग्य जिवाणूने ती ओळखली की तो उलट दुसरं रसायन सोडतो. तेही जुळलं तर मुळीचा केस आकड्यासारखा वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि एका बारीक नळीतून आत नेतो. आत गाठ तयार होते. हरभऱ्याशी जुळणारा जिवाणू सोयाबीनशी जुळत नाही, सोयाबीनचा हरभऱ्याशी नाही. म्हणूनच दुकानात रायझोबियमची, म्हणजे या गाठीतल्या जिवाणूची, पुडी मागताना पिकाचं नाव सांगावं लागतं. सोयाबीन नव्या मुलुखात पेरलं गेलं तेव्हा तिथल्या जमिनीत अनेकदा त्याचा जोडीदार नव्हताच, तो बियाण्याबरोबर न्यावा लागला.

चांगली गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी दिसते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाऊबंद तिथे असतो, लेगहिमोग्लोबिन. त्याचं काम मोठं नाजूक आहे. नत्र फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, प्राणवायू लागला की निकामी होतं, आणि ते विकर चालवणाऱ्या जिवाणूला जगायला मात्र प्राणवायू हवाच. लेगहिमोग्लोबिन प्राणवायू पकडून ठेवतं आणि जिवाणूला हातावर मोजून द्यावा तसा देतं. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण त्याच्या दोन अणूंमधली गाठ तोडायला खताच्या कारखान्यात चारशे अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. हरभरा ते काम डिसेंबरच्या थंडीत, शेतात उभा राहून करतो. फुकट मात्र नाही, गाठीतल्या जिवाणूंना साखर पुरवावी लागते. म्हणून शेतात युरिया मुबलक पडला की झाड गाठी धरणं कमी करतं. मातीत आयता नत्र मिळत असताना ते साखर का खर्च करेल?

स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, गोष्ट वेगळी आहे. आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद नाही असं नसतं. तो चुनखडीशी बांधला जातो आणि पाण्यात विरघळत नाही. त्यातून तो जागचा फारसा हलतही नाही. मुळी आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा स्फुरद संपवते आणि पुढे हात पोचत नाही. इथे बुरशी कामाला येते. मायकोरायझा म्हणजे मुळीच्या पेशींत शिरून राहणारी आणि बाहेर धागे पसरणारी बुरशी. हे धागे मुळीच्या केसाहूनही बारीक, त्यामुळे मातीच्या ज्या फटींत मुळी शिरू शकत नाही तिथून ते स्फुरद आणतात. जमिनीवरच्या वनस्पतींपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त जातींमध्ये ही जोडी आहे. स्कॉटलंडमधल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत ती दिसते, आणि त्या काळच्या वनस्पतींना धड मुळंही नव्हती. मोहरी आणि कोबीचं कूळ मात्र या बुरशीला दारात उभं करत नाही. मोहरीचं हे वेगळेपण लक्षात ठेवा, पुढे लागेल. बुरशीशिवाय काही जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून बांधलेला स्फुरद मोकळा करतात. पीएसबी म्हणून मिळतात ते हे.

शेजार वाईटही असतो. हरभऱ्याचा मर रोग मातीतल्या फ्युजेरियम बुरशीमुळे येतो आणि ती बुरशी पिकाशिवाय वर्षानुवर्षं टिकून राहते. बिघडलेला बेवड म्हणतात तो पुष्कळदा असा असतो. तिच्याशी झुंजणारेही त्याच थरात राहतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी दुसऱ्या बुरशीला वेढा घालून खाऊन टाकते. काही स्यूडोमोनास जिवाणूंची युक्ती आणखी सुंदर आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण विरघळलेलं अगदी थोडं. हे जिवाणू लोह पकडणारी रसायनं मातीत सोडतात आणि भरलेली रसायनं परत ओढून घेतात. रोगाच्या बुरशीला लोहच उरत नाही.

आता हा सगळा शेजार जिथे नाहीच अशी जागा डोळ्यांसमोर आणा. नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यात गुमगावची मँगनीजची खाण आहे. या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मँगनीज काढलं जातंय. खनिजापर्यंत पोचण्यासाठी वरची माती आणि दगड उपसून बाजूला टाकतात आणि त्यांचे डोंगर होतात. त्या ढिगात सेंद्रिय द्रव्य जवळपास नसतं, नत्र-स्फुरद नावापुरते, पाणी धरून ठेवण्याची ताकद नाही आणि धातू मात्र भरपूर. मँगनीज झाडाला चिमूटभर लागतं, जास्त झालं तर विषासारखं वागतं. अशा ढिगावर खड्डे करून नुसती रोपं लावली तर ती तग धरत नाहीत. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत रोपांची संख्या मोजली जाते, मुळाशी काय आहे ते कुणी विचारत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

नागपूरच्याच 'नीरी'ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, गुमगावला वेगळा मार्ग घेतला. खड्ड्यांत साखर कारखान्याचं प्रेसमड मिसळलं. ऊसाचा रस गाळून उरणारा हा गाळ कारखान्याला अडचणच असतो, पण त्यात सेंद्रिय द्रव्य आणि स्फुरद दोन्ही असतात. त्याबरोबर रायझोबियम, गाठीशिवाय मातीतच राहून नत्र धरणारा अ‍ॅझोटोबॅक्टर जिवाणू आणि मायकोरायझा बुरशीचे बीजाणू दिले, आणि मग साग, शिसू, कडुनिंब अशी झाडं लावली. म्हणजे रोपाबरोबर त्याचा शेजारही लावला. झाडं धरली. ढिगाच्या मातीतलं सेंद्रिय द्रव्य, नत्र आणि सूक्ष्मजीवांची संख्या वाढत गेली. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीच्या ढिगांवरही याच पद्धतीने काम झालं. शिसू डाळवर्गीय कुळातलं झाड आहे, त्याच्या मुळांवर गाठी येतात, त्यामुळे नत्राची सोय आतूनच होते. पाला पडतो, कुजतो, आणि पुढच्या झाडाला पहिल्यापेक्षा बरी जागा मिळते.

तगण्यामागे आणखी एक कारण असतं. धातूंचा किंवा क्षारांचा जाच झाला की मुळी इथिलीन वायू तयार करते आणि तो वाढला की तिची स्वतःचीच वाढ खुंटते. मूळशेजारातले काही जिवाणू इथिलीनचा कच्चा मालच खाऊन टाकतात. धोका तसाच राहतो, पण मुळी घाबरून थांबत नाही, खाली जात राहते.

मग ते धातू गेले कुठे? कुठेच नाही. तेल किंवा कीटकनाशक हे कार्बनचे रेणू असतात, जिवाणू ते तोडून त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करू शकतात, आणि मुळीकडून साखर मिळत असेल तर हे काम अनेकदा जास्त वेगाने होतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत. ती मोडता येत नाहीत. त्यांचं रूप बदलता येतं, त्यांना एका जागी बांधून ठेवता येतं किंवा झाडात ओढून घेता येतं. तमिळनाडूतलं राणीपेट आणि कानपूरचं जाजमऊ इथल्या चामड्याच्या उद्योगाने मातीत क्रोमियम सोडलं. त्याचं सहा संयुजेचं रूप पाण्याबरोबर पसरतं आणि फार विषारी असतं. काही जिवाणू त्याला तीन संयुजेच्या रूपात आणतात, जे मातीला धरून राहतं आणि पुष्कळ कमी घातक असतं. एकूण क्रोमियम तेवढंच राहतं, विहिरीकडे जाणारं घटतं.

ओढून घ्यायचं असेल तर मोहरीचा विचार होतो. मायकोरायझाला दूर ठेवणारी हीच मोहरी शिसं, कॅडमियम आणि सेलेनियम आपल्या देठापानांत साठवते. पण मग ती भाजी उरत नाही, दूषित कचरा होते. ती जनावरांना घालायची नाही, चुलीतही नाही, कारण धातू राखेत आणि धुरात परत येतात.

इथे एक धोका आहे आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आम्ल सोडून स्फुरद मोकळा करणारा जिवाणू कॅडमियमही मोकळा करू शकतो. शेतात तो मित्र असतो, कारखान्याच्या सांडपाण्यावर पिकणाऱ्या पालकाच्या वाफ्यात तोच विष ताटापर्यंत आणू शकतो. जमीन साफ करायची असेल तर धातू सैल करणारे जिवाणू हवेत, तिथेच खायचं पिकवायचं असेल तर धातू बांधून ठेवणारे. त्यामुळे दूषित जमिनीवर 'जैविक आहे म्हणजे चालेल' म्हणून कुठलीही पुडी टाकणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. आधी माती तपासायची, कुठला धातू किती आहे ते बघायचं.

साध्या शेतातही या पुड्यांबद्दल थोडं सांगावंसं वाटतं. 250 ग्रॅमची पुडी गुळाच्या गार पाण्यात कालवून दहा किलो बियाण्याला चोळतात, सावलीत सुकवतात आणि त्याच दिवशी पेरतात. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. हे नीट पाळूनही गुण येत नाही अशी तक्रार ऐकू येते. मी एका दुकानात मे महिन्यात पत्र्याखाली, उन्हाच्या तिरपेत ठेवलेली खोकी पाहिली आहेत. त्या पुड्यांत तारीख शिल्लक असली तरी जिवंत किती असतील? आणि जगलेले जिवाणू तरी ज्या मातीत सेंद्रिय कर्ब उरलेला नाही, जिथे सुपर फॉस्फेटच्या मोठ्या मात्रेमुळे मुळीने बुरशीला दार लावून घेतलंय, तिथे किती दिवस टिकणार?

हे आपल्या शेतात बघायचं असेल तर पेरणीनंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी हरभऱ्याची चार झाडं वेगवेगळ्या जागची काढावीत. उपटू नयेत, गाठी तुटून मातीत राहतात. खुरप्याने भोवती खोल खणून, मुळ्या बादलीभर पाण्यात बुडवून माती सोडवावी. मोठ्या गाठी सोटमुळाजवळ आहेत का पाहावं आणि दोन-तीन नखाने फोडाव्यात. गुलाबी निघाल्या तर काम चालू आहे. पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या तर त्या झाडाला यंदा नत्र जमिनीतूनच घ्यावा लागतोय.